एकाच जणाची साइत

यमकला सापकोटाला माणसं आवडत नव्हती असं नाही, फक्त तिचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. भाजीवालीने जुडी हातात ठेवली की ती आधी मधल्या काड्या चिवडून बघायची. गॅसची टाकी आली की उचलून हलवून बघायची. घरात सून आली तेव्हा तिने सुनेलाही असंच उलटसुलट करून बघितलं, आणि कुठेच खोट सापडेना म्हणून ती जास्तच सावध झाली.

सुनेचं नाव बिपना. नारायणगढच्या कॉलेजात हिशेबाचं शिक्षण झालेलं, बोलणं मऊ, कामाला वाघ. ऑस्ट्रेलियातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता तो तिला. व्हिसा तिचा होता, आणि यमकलाचा एकुलता एक प्रज्वल जाणार होता तो तिचा नवरा म्हणून, तिच्या व्हिसाच्या आधाराने. आमच्या नेपाळातल्या भरतपूरमध्ये आजकाल हे असंच चालतं. ज्याचं इंग्रजी बरं त्याने पुढे व्हायचं आणि दुसऱ्याने त्याचा पदर धरायचा. पूर्वी आईच्या पदराला मूल असायचं, आता बायकोच्या पदराला नवरे असतात, एवढाच काय तो फरक.

यमकलाच्या जिवाला घोर होता तो या पदराचाच. तिकडे उतरल्यावर सुनेने तो झटकला तर? बुटवलच्या कुणा मुलाची गोष्ट तिने तीन ठिकाणी ऐकली होती. सिडनीच्या विमानतळावर बायको म्हणाली, "थांब, ट्रॉली घेऊन येते," आणि गेली ती गेलीच. पोरगा सामानाजवळ बसून राहिला. गोष्ट खरी की खोटी कुणास ठाऊक, पण यमकलाला ती खोटी वाटण्याचं कारण नव्हतं. तिचा स्वतःचा नवरा होमनाथ, प्रज्वल दुसरीत असताना दोन वर्षांसाठी म्हणून जपानला गेला होता. आधी पत्रं येत, मग फोन, मग एका ओळखीच्याने येऊन सांगितलं की तिकडे त्याला दुसरी बायको आहे आणि एक मुलगीही. त्या दिवसापासून यमकलाने ठरवून टाकलं, की जो विमानात बसतो तो बदलतो. आता मुलाला तर बसवायचंच होतं, कारण गल्लीतल्या सगळ्यांचे मुलगे बसले होते. मग निदान डोळ्यांत तेल घालून बसवावा.

तिची सल्लामसलतीची जागा म्हणजे गोठा. संध्याकाळी ती म्हशीचं दूध काढायची, प्रज्वल पारडू धरून उभा राहायचा. बिपनाला शेणाच्या वासाने मळमळायचं, म्हणून ती तिकडे फिरकत नसे.

"आज कुणाशी बोलत होती रे एवढा वेळ?"

"कोण, बिपना? दाजूशी बोलत असेल. तिचा भाऊ आहे ना तिकडे."

"भाऊ आहे हे मलाही माहीत आहे. भावाशी बोलायला जिन्याखाली कशाला जावं लागतं?"

"तिथे रेंज येते, आमा."

"रेंज!" यमकलाने धार जोरात मारली. "तुझ्या बापालाही जपानात रेंज नव्हती. बाबू, तू फार भोळा आहेस. फोन पालथा ठेवते, बघितलंस? फोन पालथा ठेवणाऱ्या माणसांची कुठेतरी दुसरी चूल असते."

प्रज्वल हसायचा. "तू म्हशीवर तरी विश्वास ठेवतेस का, आमा?"

"म्हैस कुठे ऑस्ट्रेलियाला चाललीये?"

असं महिनोन् महिने चाललं. प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल लागला तेव्हा, छातीचा फोटो आणि रक्ततपासणी झाली तेव्हा, दर वेळी गोठ्यात एक नवा मुद्दा निघे. बँकेतल्या खात्याला तिचंच नाव का? व्हिसाचे कागद करणाऱ्या कन्सल्टन्सीतला तो पोरगा तिच्याशीच का बोलतो, तुझ्याशी का नाही? कपाळावरचं कुंकू आजकाल एवढं बारीक का? आधी प्रज्वल हसायचा, मग नुसता ऐकायचा, मग तोच विचारू लागला, "आज कुणाचा फोन आला होता का गं?" यमकलाला बरं वाटलं. पोराला अक्कल येतेय असं तिला वाटलं.

व्हिसा आला आणि बुधवारचं विमान ठरलं. ज्योतिष्याने पंचांग उघडलं आणि तोंड वाकडं केलं. बुधवार काही कामाचा नाही, घर सोडायला साइत आहे ती रविवारी सकाळची. पण विमान काही ज्योतिष्याला विचारून उडत नाही. अशा वेळी आमच्याकडे साइत सारतात. चांगल्या मुहूर्तावर माणूस नाही तर त्याचं गाठोडं घराबाहेर पडतं. पिवळ्या फडक्यात मूठभर तांदूळ, सुपारी, नाणं, दूर्वा बांधायच्या, ज्याचं गाठोडं त्याने ते स्वतःच्या हाताने नेऊन जायच्या दिशेच्या घरात ठेवायचं, आणि खऱ्या प्रवासाच्या दिवशी जाताजाता उचलायचं. एकदा बाहेर पडलेलं गाठोडं परत उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. आणलं तर प्रवास मोडला.

ऑस्ट्रेलिया नेमकी कुठल्या दिशेला यावर थोडा वाद झाला. शेवटी दक्षिणेला असं ठरलं, आणि दक्षिणेला टीकादेवी पौडेलचं घर होतं. टीकादेवी यमकलाची तीस वर्षांची शेजारीण. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे, आणि दोघींचा एकमेकींवर काडीचा विश्वास नव्हता.

शनिवारी संध्याकाळी यमकलाने दोन गाठोडी बांधली, एक मुलाचं आणि एक सुनेचं. गाठ तिची नेहमीची, दुहेरी, टोकं आत खोचलेली. रविवारी पहाटेच ती पोरांच्या नावाने बुडी मारायला देवघाटच्या संगमावर गेली, आणि जाताना चारदा बजावून गेली, की दोघांनी आपापलं न्या. दुपारी परत आली तर बिपना भात वाढत होती.

"ठेवलं का गं?"

"ठेवलं, आमा."

"दोघांचं?"

बिपनाने भाताचा डाव भांड्यात ठेवला. "हो. तुम्ही जेवून घ्या, दमला असाल."

जेवून घ्या! मुद्द्यावर आलं की हिला सासूची भूक दिसते. यमकलाच्या मनात पाल चुकचुकली, पण पोटात कावळे ओरडत होते, म्हणून ती जेवायला बसली.

सोमवारी ती विरजण मागायच्या निमित्ताने टीकादेवीकडे गेली. विरजण तिच्या घरात भरपूर होतं. देवाच्या फळीवर लालबुंद गणपतीशेजारी एक पिवळं गाठोडं होतं. एकच.

"दुसरं कुठाय?"

"दुसरं कुठलं?" टीकादेवी म्हणाली. "तुमची बुहारी, बिपना, एकच घेऊन आली की. मला वाटलं, आता जमाना बदलला, नवराबायकोचं एकच चालत असेल."

"आणि प्रज्वल?"

"तो नव्हता. एकटीच आली. डोळे सुजलेले. मी विचारलं, काय झालं गं नानी, बाळा, तर म्हणाली कांदा चिरत होते." टीकादेवीने आवाज उतरवला, म्हणजे आता गोडीने सुरी फिरणार हे यमकलाने ओळखलं. "सकाळी सकाळी कांदा कोण चिरतं, दिदी? मी काही बोलत नाही बाई, तुमच्या घरचं तुम्हाला ठाऊक."

यमकलाने मान हलवली. तिला धक्का वगैरे बसला नाही. खरं सांगायचं तर तिला जरा समाधानच वाटलं. इतके दिवस नुसता वास येत होता, आता मढं दिसलं होतं. सुनेने आपली साइत बाहेर काढली आणि नवऱ्याची दडवली. म्हणजे जायचंय ते एकटीलाच.

मंगळवारी सकाळी बिपना तिकीट छापून आणायला बाजारात गेली, प्रज्वल गच्चीवर टाकी धूत होता. यमकलाने खोलीचं दार लोटलं आणि सुनेची सुटकेस उघडली. तिने स्वतःच भरलेलं, आंबवून वाळवलेल्या पाल्याचं गुंद्रुक वर होतं, तिरफळासारख्या तिमूरची पुडी होती, लोणचं चार पिशव्यांत गुंडाळलेलं होतं. खाली स्वेटर. इथे उकाडा असताना तिकडे थंडी असते म्हणे, त्यावरही यमकलाचा पुरता विश्वास नव्हता. सगळ्यात तळाशी, लाल स्वेटरच्या बाहीत खुपसलेलं तिला ते सापडलं. पिवळं फडकं. गाठ साधी, एकेरी, टोकं बाहेर लोंबणारी. तिची गाठ कुणीतरी सोडली होती आणि पुन्हा बांधली होती.

लपवलं ते लपवलं, वर उघडून त्यात काहीतरी केलं! तिने सुटकेस बंद केली, तिच्यावरच बसली, आणि गाठोडं मांडीवर ठेवून सुनेची वाट बघू लागली. बिपनाचे आईवडील उद्या निरोपाला येणार होते. त्यांच्या आधी सोक्षमोक्ष लावायचा होता.

बिपना आली, सासूला सुटकेसवर बसलेली पाहिली, मांडीवरचं पिवळं फडकं पाहिलं, आणि दारातच उभी राहिली.

"ये, ये," यमकला म्हणाली. "हे काय आहे, ओळखतेस?"

"आमा, हळू बोला."

"का हळू? गल्लीला कळेल? कळू दे! माझ्या मुलाची साइत स्वेटरात कोंबून ठेवलीस तेव्हा नाही लाज वाटली? काय करणार होतीस, विमानतळावर ट्रॉली आणायला जाणार होतीस?"

"कसली ट्रॉली?"

"मला वेडी समजू नकोस. तुला त्याला न्यायचंच नाहीये."

बिपना खाली बसली. नीट बसलीही नाही, भिंतीला टेकून घसरली. "मला न्यायचंय, आमा. तेच येत नाहीयेत."

"कोण?"

"तुमचा मुलगा."

यमकला हसली. एवढं उघडं खोटं तिने बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

"रविवारी सकाळी मी त्यांच्या हातात गाठोडं दिलं," बिपना म्हणाली. "म्हटलं, चला, वेळ टळेल. त्यांनी गाठ सोडली आणि सगळं तांदळाच्या डब्यात ओतलं. म्हणाले, मी येत नाही. मी सुपारी शोधून काढली, नाणं शोधून काढलं, परत बांधलं. मला वाटलं, बुधवारपर्यंत मन वळलं तर गाडीत बसायच्या आधी त्यांच्या हाताने टीका काकींकडून आणल्यासारखं करू. तुम्हाला दिसू नये म्हणून तळाशी ठेवलं. तुम्ही देवघाटहून दमून आला होतात, तुम्हाला काय सांगणार होते?"

"आणि तो का येणार नाही? बायको ऑस्ट्रेलियाला नेतेय आणि हा नाही म्हणतो! वेड लागलंय त्याला?"

"त्यांना वाटतं, मी तिकडे त्यांना सोडून देईन." बिपनाने आता मान वर केली. "त्यांनी फोन मागितला, मी दिला. म्हणाले, एवढ्या सहज देतेस म्हणजे आधीच सगळं पुसून ठेवलंयस. मी आईची शपथ घेतली. म्हणाले, शपथ कुणीही घेतं. मी रडले तर नाटक, नाही रडले तर म्हणे हिला काही वाटतच नाही. मी काय करू सांगा, आमा, तुम्ही मोठ्या आहात. जिन्याखाली मी दाजूशी बोलत होते ते तिकडच्या भाड्याच्या खोलीबद्दल. आधी दोघांसाठी बघत होते, आता एकटीसाठी बघतेय. उद्या तुम्हाला सांगायचं असं ठरलंय, की त्यांच्या कागदात काहीतरी राहिलं, ते महिन्याभराने येतील. हेही त्यांनीच ठरवलं."

"हे सगळं तू रचून सांगतेस." यमकलाने म्हटलं, पण आवाजात जोर राहिला नव्हता.

"मला रचता आलं असतं तर बरं झालं असतं. काल काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, फोन पालथा ठेवणाऱ्या माणसांची कुठेतरी दुसरी चूल असते. आमा, मी तो पालथा ठेवते कारण त्याची काच फुटलीये. वरून धूळ जाते."

ते वाक्य गोठ्याबाहेर कधी गेलं नव्हतं. ते यमकलाचं होतं, शब्दन् शब्द तिचं, आणि सुनेच्या तोंडून ऐकताना ते इतकं घाणेरडं वाटलं की तिला आपल्याच तोंडाची किळस आली. सून खरं बोलतेय हे तिला कळलं. त्याहून वाईट म्हणजे हेही कळलं, की ज्या गोष्टीला ती इतके महिने भीत होती ती कुणी दुसऱ्याने केली नव्हती. ती रोज संध्याकाळी म्हशीच्या धारेबरोबर तिनेच काढली होती.

"तू बस," ती म्हणाली. "मी बघते. मी सांगितल्यावर तो ऐकेल. माझं त्याने कधी मोडलं नाही."

बिपनाने नुसती मान हलवली, आणि यमकला जिना चढून वर गेली.

प्रज्वल टाकीच्या कडेला बसला होता. टाकी केव्हाच धुऊन झाली होती.

"बाबू," यमकला धापा टाकत म्हणाली, "तू उद्या जायचं. ऐकलंस? तिच्याबरोबर जायचं."

त्याने तिच्याकडे बघितलं. "तुला तिने सांगितलं."

"सांगितलं. बरं केलं. मी चुकले, बाबू. माझ्या डोक्यात तुझा बाप बसलाय, तो मी तुझ्या डोक्यात भरला. पोरगी चांगली आहे. फोनची काच फुटलीये म्हणून ती तो पालथा ठेवते."

"काच." प्रज्वल हळूच म्हणाला. "हे मला नाही सांगितलं तिने. तुला सांगितलं."

"तू विचारलंस कुठे?"

"किती वेळ बसला होतात दोघी खाली?"

"म्हणजे?"

"मी वरून बघितलं, ती केव्हा आली ते. आल्याला बराच वेळ झाला. आधी तुझा आवाज चढला होता, मग एकदम बंद झाला. मग तुम्ही कुजबुजत होतात." त्याचा आवाज शांत होता, आणि त्या शांतपणाचीच तिला भीती वाटली. "महिनोन् महिने मला म्हणालीस, डोळे उघडे ठेव. आणि एका तासात म्हणतेस, पोरगी चांगली आहे. काय ठरलं तुमचं?"

"काय ठरणार? अरे, मी तुझी आई आहे!"

"मग आधी खोटं बोलत होतीस की आत्ता बोलतेयस?"

दोन्ही वेळा यमकलाला खरंच वाटत होतं, हे तिला सांगायचं होतं, पण असं कुणी तिला सांगितलं असतं तर तिने त्याला दारातही उभं केलं नसतं. ती त्याच्या पायाशी बसली. आईने मुलाच्या पायाशी बसू नये, तरी बसली. "तुझ्या डोक्यावर हात ठेवून सांगते, बाबू."

त्याने तिचा हात धरला आणि अलगद बाजूला केला. "शपथ कुणीही घेतं, आमा."

बुधवारी गाडी आली. बिपनाचे आईवडील आले, झेंडूच्या माळा आल्या, दही-अक्षतांचा टिका आला. कागदात काहीतरी राहिलं, जावईबापू महिन्याभराने निघतील, असं सगळ्यांना सांगण्यात आलं आणि सगळ्यांनी मान डोलावली. टीकादेवीने मात्र मान जरा जास्तच वेळ डोलावली. यमकला आपल्या हाताने सुनेच्या कपाळाला टिका लावत होती तेव्हा तिचा धीर सुटला. तिने सुनेला छातीशी ओढलं, "मला माफ कर गं, नानी," असं काहीतरी तिच्या कानात म्हणाली, आणि बिपनाही तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडली. गल्लीतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सासू-सुनेचं असं प्रेम आजकाल बघायला मिळत नाही, असं कुणीतरी म्हणालं.

डोळे पुसून यमकलाने वर बघितलं. प्रज्वल गच्चीच्या कठड्याला टेकून दोघींकडे बघत होता. त्याने सावकाश मान हलवली, जणू त्याला हवं ते सापडलं होतं. बघितलं, दोघी एकच आहेत, असं तो मनाशी म्हणत होता. यमकलाला ते ऐकू न येताही कळलं, कारण त्याच्या जागी ती असती तर तिनेही तेच म्हटलं असतं.